चार म्हणजे चार काय?

(भाषा-अभ्यास, इयत्ता ४ थी)

या महिन्याच्या भित्तिपत्रकात मला 'नाम' या धड्यावर लिहायला दिले आहे. नाम म्हणजे काय ते आपणां सर्वांना पाठ आहे, म्हणून ते मी पुन्हा लिहीत नाही. मी त्यातली एकच गोष्ट घेतली आहे. काही नामे मोजता येतात व काही मोजता येत नाहीत. पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत संपते. आमच्या घरी ती दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरली.

सुरुवात माझ्या फजितीपासून झाली. आपल्या वर्गात दर आठवड्याला एकाची पोषण आहाराची पाळी असते. हजर मुले मोजायची, स्वयंपाकाच्या ताईंनी तांदूळ तोलला की आकडा घ्यायचा आणि तो गुरुजींना सांगायचा. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ असे ठरलेले आहे. त्या दिवशी ४० मुले हजर होती. मी पळत वर्गात आले आणि म्हटले, "गुरुजी, चार!"

गुरुजी म्हणाले, "चार काय?"

मी म्हटले, "चार तांदूळ."

सगळा वर्ग हसला. गुरुजी पण हसले. ते म्हणाले, "चार तांदळांत तर लग्नातली एक अक्षतासुद्धा होत नाही. आपल्याला चाळीस लेकरं जेवू घालायची आहेत." मला फार लाज वाटली. पण गुरुजींनी मला खाली बसू दिले नाही. खडू माझ्याच हाती दिला आणि फळ्याच्या मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे लिहिले मुले, ताटे, पेले, खिडक्या. उजवीकडे लिहिले तांदूळ, तेल, मीठ, पाणी. डावीकडची नामे एक, दोन, तीन अशी मोजता येतात. उजवीकडची तशी मोजता येत नाहीत. ती तोलावी लागतात किंवा मापावी लागतात. व्याकरणात उजवीकडच्यांना पदार्थवाचक नामे म्हणतात. सोने, दूध, कापड, पीठ ही त्यांचीच भावंडे. गुरुजींनी असेही सांगितले की दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरणाचे पुस्तक १८३६ साली छापले गेले. म्हणजे आपल्या नामांचा हिशेब जवळजवळ १९० वर्षांपासून चालू आहे, आणि मी त्यात चार तांदूळ टाकले.

पण चूक माझी एकटीची नव्हती. थोडी 'किती' या शब्दाचीही होती. आपण म्हणतो, मुले किती? आपण म्हणतो, तांदूळ किती? दोन्हीकडे किती. इंग्रजीत याला दोन वेगळे शब्द आहेत. मोजायच्या वस्तूंना 'हाऊ मेनी' आणि न मोजायच्या वस्तूंना 'हाऊ मच'. तिथे प्रश्न ऐकतानाच कळते की तोलायचे आहे की मोजायचे. मराठीत ते प्रश्नात कळत नाही, म्हणून उत्तरात सांगावे लागते. चार किलो, चार पोती, चार पेले. नुसते 'चार' म्हटले की गुरुजी 'चार काय' विचारणारच.

मग गुरुजींनी घरचा अभ्यास दिला. "घरची माणसं कामाला जातात. तिथं त्यांना काय अडचण येते, ते विचारून या. अडचण वहीत लिहा. त्यातल्या मोजता येणाऱ्या नामांखाली रेघ ओढा, न येणाऱ्यांना गोल करा. आणि खाली तुमचा सल्ला लिहा."

दुसऱ्या दिवशी वर्गात इतक्या अडचणी जमल्या की गणिताचा तास त्यातच गेला. सगळ्या लिहिल्या तर हा कागद पुरणार नाही. मला आवडलेल्या तेवढ्या लिहिते.

आपल्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा अकोल्याला गवंडीकाम करतात. गवंडीकामात विटा हजारावर मोजतात, सिमेंटचे पोते ५० किलोचे असते आणि रेती ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकदा नवीन मजुराला त्यांनी सांगितले, "गिलाव्याचा माल एकास चार कर." त्याने सिमेंटचे एक घमेले घेतले आणि रेतीची चार फावडी टाकली. झाले ना एकास चार! पण घमेले मोठे आणि फावडे लहान. सिमेंट जास्त पडले, गिलावा वाळला तसे त्याला केसासारखे तडे गेले आणि तेवढी भिंत पुन्हा खरवडावी लागली. मजुरी त्या दिवशी कोणालाच मिळाली नाही. मुलाने सल्ला लिहिला होता, "ज्या भांड्याने एक मोजला त्याच भांड्याने चार मोजावे." गुरुजींनी त्याला 'छान' असा शेरा दिला. मला तर वाटले तो मजूर आणि मी एकाच वर्गात बसायला पाहिजे.

दुसरीचे काका एसटीत वाहक आहेत. दर्यापूरहून अकोल्याला जाणाऱ्या बसमध्ये कोणी चढले की ते विचारतात, "सामान किती?" उत्तर ठरलेले असते, "थोडंसंच आहे, भाऊ." वर पाहावे तर सात पोती! सामान हे नाम फार लबाड आहे. एक पिशवी असली तरी सामान आणि बैलगाडी भरली तरी सामानच. 'सामाने' असे कोणी म्हणत नाही. आता ते विचारतात, "नग किती?" नग म्हटले की माणसाला आकडाच सांगावा लागतो. नग हा शब्द मला इतका आवडला की मी दोन दिवस घरात सगळ्यांना नग विचारत होते. शेवटी बाबा म्हणाले, "पोट्टे, आता तुले एक नग धपाटा देतो."

माझा मामा मूर्तिजापूरला चहाच्या हॉटेलात आहे. तिथे व्याकरण उलटेच चालते. चहा पातळ पदार्थ, तो मोजता येत नाही. पण गिऱ्हाईक म्हणते, "दोन चहा सांगा." आणि मामा बरोबर दोन पेले आणतो. म्हणजे न मोजायचे नाम पेल्यात शिरले की मोजायचे होते. अडचण अशी होती की मामा पेला काठोकाठ भरायचा. मग दूध लवकर संपायचे आणि मालक हिशेब मागायचे. मामाला मी सल्ला दिला की एकच पळी ठेव आणि प्रत्येकाला तेवढीच घाल. मामा म्हणाला, "तुह्या सल्ल्यानं हाटेल चालते का?" पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा पातेल्यात एकच पळी होती.

वरूडकडे माझ्या आत्याचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथे बोलताना पाणीसुद्धा मोजतात. आत्या म्हणते, "औंदा झाडाले चार पाणी देल्ले." म्हणजे चार थेंब नव्हे, चार वेळा ओलीत. तसेच पेरणीच्या वेळी सगळे म्हणतात, "दोन पाऊस झाले की पेरू." आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. आमच्या विहिरीचे पाणी खारट, म्हणून आमच्याकडे पिण्याचे पाणी गुंडाने मोजतात. किती पाणी आणले असे कोणी विचारत नाही, किती गुंड आणले असे विचारतात.

पण आत्याची अडचण पाण्याची नव्हती, संत्र्यांची होती. संत्री तर मोजता येतात. व्यापारी हजाराच्या हिशेबाने भाव करतात, काही वेळा वजनाने पण करतात. एका वर्षी आत्याची फळे चांगली मोठी झाली होती, तरी सौदा हजारावर झाला. शेजारच्या बगीच्यातली लिंबाएवढी संत्री आणि आत्याची मोठी संत्री, हजार म्हणजे हजारच. आत्या अजून हळहळते. म्हणून मी वहीत लिहिले, "मोजता येते म्हणून मोजूनच विकावे असे नाही." हे वाक्य लिहिताना मला ठाऊक नव्हते की ते पुढे आईच्या कामी येईल.

आईचे लिहायच्या आधी आजीकडे सापडलेली एक गंमत सांगते. आजी सूप घेऊन बसली होती. मी विचारले, "आजी, ज्वारी निवडली का?" ती म्हणाली, "निवडली." मग विचारले, "गहू निवडले का?" ती म्हणाली, "निवडले." मी तिथेच थांबले. ज्वारी निवडली हे एकवचन, गहू निवडले हे अनेकवचन. सुपात दोन्हींचे हजारो दाणे! मग मी घरातले सगळे डबे उघडून पाहिले. हरभरे भिजवले, मूग भिजवले, तीळ भाजले, पोहे केले, हे सगळे अनेकवचनी. ज्वारी, बाजरी, तूर, साखर, सरकी या एकवचनी. आधी मला वाटले की दाणा मोठा असेल तर अनेकवचन होत असेल. पण तीळ एवढा बारीक तरी 'तीळ भाजले', आणि तूर त्याच्याहून केवढी मोठी तरी 'तूर विकली'. म्हणजे ते दाण्यावर नाही, भाषेच्या सवयीवर आहे. गहू तर बाजारात गेला की पुन्हा एकवचनी होतो, तिथे 'गहू महागला' म्हणतात. गुरुजींना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "हे मलाही आजवर सुचलं नव्हतं." हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलेही नाही.

आता आईची अडचण. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते. कुठल्या वावरात ते लिहायचे नाही, असे गुरुजींनी बजावले आहे. पऱ्हाटीला बोंडे लागतात, बोंडे फुटली की त्यातून कापूस निघतो. बोंडे मोजता येतात. कापूस मोजता येत नाही, 'कापूस आले' असे आपण कधी म्हणत नाही, 'कापूस आला' म्हणतो. बाया कमरेला फडके बांधून कापूस वेचतात. ते भरले की मोठ्या फडक्यात ओततात आणि त्याचे गठोडे बांधून धुऱ्यावर आणतात. मजुरी किलोवर ठरली होती, किलोला दहा रुपये. पण त्या वावरात काटाच नव्हता. संध्याकाळी गठोडी मोजायची आणि एक गठोडे म्हणजे दहा किलो धरायचे, अशी तिथली रीत होती.

मी आईला विचारले, "माय, तुह्यं गठोडं दहा किलोचंच असते का?"

आई म्हणाली, "मले काय मालूम? डोक्यावर घेतलं का मान दुखते, तेवढं मालूम हाये."

आजी बाजूलाच होती. ती म्हणाली, "आमच्या वक्ताले तं मजुरी पायलीनं भेटे. ज्वारीची पायली. घेताना शीग लावून घेत आन् देताना वरून हात फिरवून सपाट करून देत." पायली भरून वर जो दाण्यांचा डोंगर राहतो त्याला शीग म्हणतात. पायली एकच, पण शिगेची वेगळी आणि सपाट वेगळी. गुरुजींनी सांगितले की आपल्या देशात १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे म्हणजे ६४ पैसे होते. १९५८ पासून शेर आणि मण जाऊन किलो येऊ लागले. ४० शेरांचा एक मण होई आणि एक शेर किलोपेक्षा थोडा कमी भरे. पण किलो आले तरी खेड्यात पायल्या पुष्कळ वर्षे चालल्या. आजीची पायली अजून माळ्यावर आहे. आता तिच्यात आम्ही कांदे ठेवतो.

आईची अडचण मी वर्गात वाचून दाखवली. तिच्या एका अडचणीवर अकरा सल्ले आले. एकाने लिहिले, त्या वावरात जाऊच नये. दुसऱ्याने लिहिले, वहीत रोज मांडून ठेवावे. एका हुशार मुलीने लिहिले, गठोडी लहान लहान बांधावी, म्हणजे संख्या वाढेल. मला हा सल्ला फार पटला. घरी जाऊन सांगितला तर आई म्हणाली, "आन् खेपा कोन करंन? धुरा किती लांब हाये, पाह्यलं का?" सर्वांत जास्त मुलांनी लिहिले होते की कापूस तोलून घ्यावा.

सल्ल्यांवरून गुरुजींनी पुन्हा इंग्रजीचे सांगितले. इंग्रजीत 'प्रॉब्लेम' मोजता येतो, एक प्रॉब्लेम, दोन प्रॉब्लेम्स. पण सल्ला म्हणजे 'अ‍ॅडव्हाईस' मोजता येत नाही. त्याला शेवटी 'स' लावून अनेकवचन केले तर चूक धरतात. एकच सल्ला द्यायचा असेल तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाईस' म्हणायचे, म्हणजे सल्ल्याचा तुकडा. वर्ग पुन्हा हसला. भाकरीचा तुकडा असतो, सल्ल्याचा कसा असेल? पण तसेच आहे. त्यांचे 'वर्क', 'लगेज', 'इन्फर्मेशन', 'न्यूज' हेही मोजत नाहीत. आपण मात्र एक काम, दहा कामे म्हणतो. एक बातमी, चार बातम्या म्हणतो. एक सल्ला, अकरा सल्ले म्हणतो. सगळेच तसे नाही, 'माहिती' आणि 'मदत' यांचे अनेकवचन आपणही करत नाही. एका मुलाने विचारले, "गुरुजी, इंग्रजीत सल्ला काहून मोजत नाहीत?" गुरुजी म्हणाले, ती त्या भाषेची सवय. मला वाटते, त्यांच्याकडेही आमच्या आत्यासारखे कोणी असेल. ती एकदा सल्ला देऊ लागली की मोजायला बोटे पुरत नाहीत.

तोलायचे तर ठरले, पण काटा कुठून आणायचा? शाळेत तांदूळ तोलायचा ताणकाटा आहे, आकड्याला अडकवून धरायचा. गुरुजींनी मुख्याध्यापकांना विचारले आणि सोमवारी सकाळी परत करायच्या बोलीवर तो मला दिला. देण्याआधी त्यांनी एक एक किलोच्या मिठाच्या पाच पुड्या पिशवीत घालून काट्याला लावल्या. काटा बरोबर पाचवर आला. ते म्हणाले, "हा फक्त आपल्याला कळावं म्हणून आहे. व्यवहाराच्या काट्यावर सरकारी शिक्का लागतो. दगडाचं वजन ठेवून तोलणं तर कायद्यानं चालतच नाही." हे ऐकून मला आमच्या गावात येणारे कांदेवाले काका आठवले. पण तेही मी लिहिणार नाही.

रविवारी मी आईसोबत वावरात गेले. दिवसभर तुरीच्या सावलीत अभ्यास केला. संध्याकाळी गठोडी धुऱ्यावर आली तेव्हा दोन मावश्यांनी काठी खांद्यावर घेतली, काठीला काटा अडकवला आणि मी खाली बसून आकडे वाचले. आईचे पहिले गठोडे साडेअकरा किलो. दुसरे तेरा. तिसरे साडेबारा. मी वहीत बेरीज केली, ३७ किलो. रोजच्या रीतीने तीन गठोड्यांचे ३० किलो धरले असते आणि ३०० रुपये मिळाले असते. तोलून ३७० होत होते. सत्तर रुपयांचा फरक, तोही एका दिवसाचा! आई काहीच बोलली नाही. तिने वही हातात घेतली आणि माझ्या आकड्यांकडे पाहत राहिली. आईला आकडे वाचता येतात.

वावराचे मालक तिथेच उभे होते. मला भीती वाटली की ते रागावतील. आई त्यांना म्हणाली, "दादा, आमी काई तुमाले लबाड म्हनत नाई. पन कापूस तोलायची चीज हाये, मोजायची नाई. माह्यी पोरगी शाळेत हेच शिकून राह्यली."

ते रागावले नाहीत, पण लगेच कबूलही झाले नाहीत. ते म्हणाले, "वैनी, सकाळच्या कापसात दव असते. पानाचा कचरा असते. थो पन म्या किलोच्या भावानं घ्यावा का?" हे त्यांचे म्हणणे मला खरे वाटले. दव पडलेला कापूस जड भरतो. मग बायांचे आणि त्यांचे बराच वेळ बोलणे झाले. शेवटी असे ठरले की दव सुकल्यावर वेचणी सुरू करायची, पहिले गठोडे दुपारी उन्हात पसरून मगच तोलायचे आणि कचरा बायांनी वेचतानाच काढायचा. दोन दिवसांनी मालकांनी घरून इलेक्ट्रॉनिक काटा आणला.

आता इथे हा लेख संपला असता आणि माझा सल्ला पहिला आला असता. पण त्या वावरात एक म्हातारी आजी पण वेचायला येते. तिला जड गठोडे डोक्यावर पेलत नाही. तिची दोनच गठोडी होतात, एक आठ किलोचे आणि एक साडेसात किलोचे. मोजायच्या रीतीत तिला २० किलोचे २०० रुपये मिळत होते. तोलले की साडेपंधरा किलोचे १५५ झाले. नऊ बायांपैकी सात जणींची मजुरी वाढली, एकीची तेवढीच राहिली आणि या आजीची ४५ रुपयांनी कमी झाली. ती मला म्हणाली, "काहून वं पोरी, तुह्या काट्यानं मले हलकं केलं." ती हसत म्हणाली, पण मला रात्री झोप आली नाही. मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी लगेच उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "वजन तर खरंच आहे. पण हा प्रश्न व्याकरणात सुटणारा नाही." मग मी आईला विचारले. आईने आणि बाकीच्या बायांनी त्यावर काय केले ते मला माहीत आहे, पण ते मी लिहिणार नाही. हे भित्तिपत्रक सगळ्या गावाचे पालक वाचतात. एवढेच लिहिते की दुसऱ्या आठवड्यापासून त्या आजीची गठोडी बांधायला कोणी ना कोणी जाऊ लागले आणि ती तोलताना आठ किलोची राहिली नाहीत. धुऱ्यापर्यंत आणतही दुसरीच.

एक हिशेब राहिला. वावरातून कापूस जिनिंगमध्ये जातो. तिथे सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. एक क्विंटल कापसातून सुमारे ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुई दाबून तिची गाठ बांधतात. एक गाठ १७० किलोची असते, म्हणजे तिला जवळजवळ पाच क्विंटल कापूस लागतो. गाठ मोजता येते, म्हणून अकोल्याच्या आणि अमरावतीच्या बातम्यांत गाठींचा आकडा येतो. मी भागाकार केला. आईने रोज ३७ किलो वेचला तर एका गाठीचा कापूस वेचायला तिला १३ दिवस लागतात. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग एक गाठ मले पाह्याची हाये." बाबा तिला आणि मला या हंगामात जिनिंगवर नेणार आहेत.

आता तुमच्यासाठी सराव. उत्तरे वहीत लिहा, कागदावर रेघा ओढू नका. किराणा दुकानात एका मुलाने सांगितले, "काका, दोन तेल द्या." काकांना काय अडचण आली असेल आणि त्या मुलाला तुम्ही काय सल्ला द्याल? शिवणकाम करणाऱ्या ताईकडे एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "हे घ्या कापड, यात तीन झबली बसव." या वाक्यातले मोजता येणारे नाम कोणते, न येणारे कोणते, आणि शिवायच्या आधी ताईने कोणता प्रश्न विचारायला हवा? 'मिरची' आणि 'तिखट' ही एकाच डब्यातली नामे फळ्याच्या एकाच बाजूला जातील का? 'कांदा महागला' आणि 'दोन कांदे चिर' यांत फरक काय? शेवटचा प्रश्न कठीण आहे, तो मलाही नीट आलेला नाही. 'पैसे' हे नाम कोणत्या बाजूला लिहायचे? इंग्रजीत 'मनी' मोजत नाहीत. आपल्याकडे तर तेच आधी मोजतात.

पालकांसाठी खाली कोरा कागद लावला आहे आणि पेन्सिल दोरीने बांधली आहे. आपल्या कामावरची एक अडचण त्यावर लिहून जावी, नाव लिहिले नाही तरी चालेल. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी मधल्या सुट्टीत मला सांगावे, मी लिहून घेईन. सरावाची उत्तरे सोमवारी याच खिळ्याला लावू.